सहाशे बारा दारं

कुलूपकाकांचं खरं नाव असेल तर ते त्यांच्या दुकानाच्या परवान्यावर असेल. बाजार त्यांना कुलूपकाका म्हणायचा, आणि त्याला कारणं दोन. एक म्हणजे धंदा, दुसरं म्हणजे तोंड. माणूस घुमा होता असं मात्र समजू नका. सकाळी शटर वर गेलं की जीभ जी सुटायची ती जेवायला बसेपर्यंत. शेजारच्या चष्मेवाल्याचे गुडघे, हल्लीचे पोकळ दरवाजे, स्क्रूंची बनावट, कशावर बोलायचे नाहीत असं नाही. पण कुणाचं कुलूप उघडलं, कुणाच्या कपाटाची चोरकिल्ली केली, कुठल्या घरात नवरा-बायकोच्या खोल्यांना वेगवेगळी कुलपं आहेत, यातलं एक अक्षर बाहेर पडेल तर शपथ. या माणसाने अर्ध्या शहराची दारं आतून पाहिली, पण लग्नाला तीस वर्षं होऊन मला एका घरची बातमी आणून दिली नाही, अशी काकूंची कायमची तक्रार होती.

दुकान म्हणजे दोन मोठ्या दुकानांमधली फट. हात पसरले की दोन्ही भिंतींना लागायचे. एका भिंतीवर खिळ्यांना लटकवलेल्या कोऱ्या किल्ल्या, दुसऱ्या भिंतीवर कुलपं, मध्ये किल्ली कापायचं मशीन, आणि सगळ्यावर पितळेचा बारीक कीस. तो कीस काकांच्या नखांत असायचा, भुवयांत असायचा, आणि काकू म्हणायच्या त्याप्रमाणे चहातही असायचा.

धंद्यातले नियम ते ज्या म्हाताऱ्या कारागिराकडे शिकले त्याच्याकडून घेतलेले. पहिला नियम, घर कुणाचं हे पटल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. कुणी रडत आलं, ओरडत आलं, तरी काका शांतपणे सांगायचे, "शेजारचे दोन जण बोलवा, नाहीतर कागद दाखवा." एकदा स्वतःच्या साडूलाही त्यांनी त्याच्याच दारात अर्धा तास उभं केलं होतं. साडू अजून ते काढतो.

दुसरा नियम, गिऱ्हाइकाचं नाव कुठेही लिहायचं नाही. नाव लिहिलं की कुणाकडे काय बसवलंय ते कुणालाही कळतं. म्हणून नावाऐवजी दार लिहायचं. आधी वही होती, ती खणात कुलपाखाली असायची. मग फोन आला आणि वहीतलं सगळं काकांनी एकेका नंबरापुढे फोनमध्ये भरलं. नावाच्या जागी लिहिलेलं असायचं, 'तळमजला, हिरवी जाळी, कुत्रा आहे, मागून जा.' किंवा 'म्हातारे एकटे, ऐकू कमी, बेल नको.' किंवा 'किल्ली कुंडीखाली ठेवतात, सांगितलं, ऐकत नाहीत.' अशी सहाशेवर माणसं, आणि नाव एकाचंही नाही. या गोष्टीचा काकांना भारी अभिमान होता. फोन उद्या कुणाला सापडला तरी त्याच्या हाती काय लागणार, असं ते छाती फुगवून म्हणायचे. आता हसू नका. तुमच्या-माझ्या फोनात नावं असतात, आणि आपण तेवढाही विचार केलेला नसतो.

मग ते फोन सुरू झाले. किल्लीचे दात कानशीने घासताना, श्वास रोखून धरलेला असताना, फोन वाजायचा आणि कुणीतरी गोड आवाजात विमा विकायचं. काका वैतागले. त्यांची लेक एका इस्पितळात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. तिने त्यांना एक वेबसाइट दाखवली. अनोळखी नंबर तिथे टाकला की तो कुणाचा ते कळायचं. "बाबा, नंबर टाका, बघा आणि बंद करा," तिने सांगितलं. काकांनी महिनाभर ते इमानदारीने केलं. पण हाताला तेल, नखात पितळ, चष्मा कपाळावर, आणि दहा आकडे टाकेपर्यंत समोरचा थांबतोय कशाला? त्या वेबसाइटच्या वरच्या बाजूला रोज एक पट्टी यायची. आमचं ॲप घ्या, नंबर टाकायची कटकटच नाही, फोन वाजला की नाव आपोआप दिसेल.

काकांनी एका दुपारी ते ॲप घेतलं. त्याने विचारलं, संपर्क पाहू का? काका म्हणाले, हो. कॉलची यादी पाहू का? हो. ठिकाण पाहू का? हो बाबा, हो. साडूला दारात उभं करणाऱ्या माणसाने त्या ॲपला एक कागद मागितला नाही, एक शेजारी बोलावला नाही. लेकीला सांगितलंही नाही, कारण सांगितलं असतं तर ती दोन प्रश्न विचारणार हे त्यांना पक्कं माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर ॲप झकास चाललं. विमावाले ओळखू यायला लागले. काका खूश.

त्याच्या दोनेक महिने आधी दुकानात एक बाई आली होती. कपडे शिवायच्या कारखान्यात कामाला, सोबत आठ-नऊ वर्षांची मुलगी. शाळेमागच्या इमारतीत तिने नुकतीच खोली घेतली होती. तिने किमतीचं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, की बाहेरून कुणी जोर लावला तर किती वेळ टिकेल. काकांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढचं काही विचारलं नाही. विचारायचं नाही हाही एक नियमच होता.

दार निळं होतं, जुनं पण सागवानी. काकांनी वर उत्तम कुलूप बसवलं आणि खाली, सगळ्यांना दिसेल असं, एक जाडजूड पितळी कुलूप नुसतं ठोकून दिलं. त्याला आत काहीच नव्हतं. "खालचं खोटं आहे," ते बाईला म्हणाले. "चोर आला तर तासभर ह्याच्याशीच झटत बसेल. हे तुमच्या-माझ्यात राहू द्या. मुलीलाही सांगू नका." बाई कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच हसत असावी तशी हसली. शाळा सुटली की मुलगी घरी एकटी असते, आपण सहाला येतो, तेव्हा काही दुरुस्ती लागली तर सहानंतर या, असंही तिने सांगितलं. काकांनी ते नीट फोनमध्ये लिहून ठेवलं. कामात ते फार चोख.

आणि मग तो दिवस. दुपारचे साडेतीन वाजायला आले होते. दुकानासमोर एक माणूस उभा राहिला, चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी मऊ.

"काका, घराचं कुलूप उघडायचंय. बायको बाहेरगावी, किल्ली माझ्याकडून हरवली."

"कुठे?"

"शाळेमागे. तिसरा मजला. निळं दार."

काकांचा हात मशीनवर थांबला. पण चेहरा हलला नाही, तीस वर्षांची सवय. ते म्हणाले, "घर तुमचं कशावरून?"

त्याने फोनवर लग्नाचा फोटो दाखवला. फोटो खोटा नव्हता. तीच बाई, थोडी तरुण, थोडी गुबगुबीत. काकांनी विचारलं, कुलूप कोणतं आहे. हा त्यांचा नेहमीचा सापळा होता, परका माणूस इथे हमखास अडकायचा.

"दोन आहेत," तो म्हणाला. "पण खालचं खोटं आहे. वरचंच खरं."

आता काय म्हणाल तुम्ही? ही गोष्ट जगात दोघांना माहीत होती. एक काका आणि दुसरी ती बाई. काकांनी सांगितलेली नाही म्हणजे बाईने सांगितली, आणि बाईने सांगितली म्हणजे माणूस घरचाच. हिशेब सरळ होता. काकांनी ड्रिल पिशवीत टाकलं, पाने टाकले, वरून शर्टाची बाही खाली केली. गोष्ट इथवर आली होती. फक्त जाता जाता सवयीने म्हणाले, "बाईंना एक फोन करून विचारतो. माझी पद्धत आहे."

"कशाला? तिचा फोन लागत नाही," तो माणूस म्हणाला, आणि भरवसा पटावा म्हणून त्याने आपला फोन काकांच्या डोळ्यांसमोर धरला. "हे बघा ना, पत्ता तर बरोबर आहे."

काकांनी चष्मा खाली ओढला. तीच वेबसाइट होती, लेकीने दाखवलेली. वर त्या बाईचा नंबर. आणि त्याच्या खाली, जिथे नाव यायचं तिथे, लिहिलं होतं, 'शाळेमागे ३रा मजला निळं दार, खालचं खोटं वरचंच खरं, मुलगी ४ला एकटी, बाई ६नंतर.'

काकांनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायची हिंमत झाली नाही. शब्द त्यांचे होते. '३रा' असा आकडा लिहून पुढे रा लावायची खोड त्यांची होती. स्वतःच्या हाताने, ह्याच स्टुलावर बसून लिहिलेलं, आणि ते ह्या इस्त्रीच्या शर्टाच्या हातात कसं? फोन तर खिशात होता. त्यांनी चाचपून पाहिला, होता. त्यांनी मशीनला धरलं. डोक्यात दुसरं काही येईना, नुसतं एकच, की भिंतीवरचं घड्याळ तीन पस्तीस दाखवतंय.

"काय झालं, काका?"

"काही नाही. साखर आहे मला," काका म्हणाले. आयुष्यात त्यांना साखर नव्हती. "तुमची गाडी आहे का? इथपर्यंत आणा. हत्यारं जड आहेत, मला चालवणार नाही."

तो गाडी आणायला वळणापर्यंत गेला आणि काकांनी बाईला फोन लावला. तिचा फोन लागत होता. मागे शिलाईच्या मशीनांची घरघर होती. "तुमचा नवरा आलाय. त्याला दार माहीत आहे. मुलगी चारला येते ते माहीत आहे," एवढं काका कसंबसं म्हणाले.

पलीकडून बाई एकदम म्हणाली, "शाळा पावणेचारला सुटते. मी निघाले." आणि फोन बंद.

माणूस गाडी घेऊन आला तेव्हा काकांनी शटर अर्धं खाली ओढलेलं होतं आणि ते त्याच्या पुढ्यात उभे होते. म्हणाले, "मी नाही येत." त्याने कारण विचारलं नाही. तो काकांकडे पाहून हसला, आणि काकूंना नंतर सांगताना काकांचा आवाज याच जागी फुटला. तो म्हणाला, "राहू द्या. वरचंच खरं ना? मग मला दुसरा कुणीही चालेल. आणि मुलगी तर आतून उघडेलच." गाडी निघून गेली.

काका तेवढ्या वेळात काय करणार? त्यांनी चष्मेवाल्याला हाक मारली, चष्मेवाल्याने स्कूटर काढली, गुडघे विसरून. दोघं शाळेपाशी पोचले तेव्हा फाटकात मुलांची झुंबड होती. त्या गर्दीत बाई दिसली. कारखान्याचा अंगरखा तसाच अंगावर, गळ्यात माप घ्यायची फीत, एक चप्पल वाटेत कुठेतरी गेलेली. मुलीचा हात तिने असा धरला होता की मुलगी म्हणत होती, आई, दुखतंय. रस्त्यापलीकडे त्यांच्या इमारतीच्या दारात ती गाडी उभी होती.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. बाई मैत्रिणीकडे गेली. तो माणूस संध्याकाळपर्यंत तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर बसून होता. शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले, तर म्हणाला, स्वतःच्या बायको-मुलीची वाट बघणं गुन्हा आहे का? पोलिसांनी त्याला उठवलं आणि सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी बाई एका हवालदाराला सोबत घेऊन वर गेली, दोन पिशव्या भरल्या आणि किल्ली घरमालकाकडे दिली. निळ्या दाराशी तिचा संबंध चार महिन्यांतच संपला. ती काकांना एवढंच म्हणाली, की आईला बरं नव्हतं म्हणून आपण तिला एकदा नव्या नंबरावरून फोन केला होता, नवऱ्याने तो आईच्या फोनात पाहिला असणार. "मला वाटलं, नंबर मिळाला तर मिळाला. नंबराला कुठे दार असतं?"

हे ऐकून काका घरी आले ते जेवलेच नाहीत. लेकीला बोलावलं. लेकीने त्यांचा फोन हातात घेतला, ते ॲप बघितलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"बाबा, हे कधी घेतलंत?"

"झाले दोन महिने. वेबसाइट तूच दाखवली होतीस. तीच तर आहे."

"तीच नाही." ती खुर्चीत बसली. "वेबसाइट म्हणजे खिडकीबाहेर उभं राहून विचारणं. तुम्ही एक नंबर सांगता, तेवढाच तिला कळतो. ॲप म्हणजे तुम्ही त्यांच्या हातात घराची किल्ली दिलीत. त्यांनी तुमची सगळी यादी नेली. तुम्ही ज्या नावाने नंबर ठेवलाय, तेच नाव ते दुसऱ्याला दाखवतात. बाईंचा नवा नंबर फार जणांकडे नव्हता, म्हणून तुमचंच वर आलं."

"मी नाव लिहिलंच नव्हतं."

"नाव लिहिलं असतं तर बरं झालं असतं, बाबा."

ती हे टोचून बोलली नाही, पण काकांना ते जे लागलं ते लागलं. उभ्या जन्मात तोंडातून एक शब्द बाहेर जाऊ दिला नाही, आणि चव्हाट्यावर मांडलं ते सगळं एका बोटाने. ते पुन्हापुन्हा एकच विचारत राहिले, अगं पण मी कुणाला सांगितलं कुठे? लेकीने ॲप काढून टाकलं. काकांना वाटलं सुटलो. तर ती म्हणाली, काढलं तरी गेलेली यादी तिकडेच राहते. नाव पुसायचं तर ज्याचा नंबर आहे त्यानेच त्यांच्या वेबसाइटवर जाऊन सांगायला हवं.

"मग माझं काय, मी पुसू नाही शकत? लिहिलं तर मी."

"नाही."

"यादीत किती आहेत?" काकूंनी विचारलं. त्या इतका वेळ दारात उभ्या होत्या.

लेकीने पाहिलं. सहाशे बारा.

सहाशे बारा घरांची दारं, रंगासकट. कुठे कुत्रा आहे आणि कुठे नुसती पाटी आहे, कुठल्या म्हाताऱ्याला ऐकू येत नाही, कुणाची किल्ली कुंडीखाली. काकूंनी तीस वर्षं मागितली आणि मिळाली नाही ती सगळी बातमी. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या आत निघून गेल्या. काका खुर्चीत तसेच बसून राहिले. त्यांना रडूही येईना. भीतीच इतकी वाटत होती.

दुसऱ्या दिवसापासून दुकानाचं शटर अर्धंच उघडं असायचं. काका स्टुलावर बसून एकेकाला फोन करायचे. आधी त्यांनी स्वतःचं वाक्य पाठ केलं होतं, पण पहिल्याच फोनला ते विसरले आणि म्हणाले, "मी तुमचं कुलूप बसवलं होतं. माझ्याकडून तुमच्या दाराची माहिती बाहेर गेली." कुणी म्हणालं, काका, एवढं काय त्यात, सगळ्यांचंच जातं. कुणी शिव्या घातल्या, त्या त्यांनी ऐकून घेतल्या. कुंडीवाल्या बाई म्हणाल्या, आता मी किल्ली पायपुसण्याखाली ठेवते. यावर काकांनी कपाळाला हात लावला. ऐकू कमी येणाऱ्या म्हाताऱ्यांकडे ते स्वतः गेले, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं, आणि त्यांचा नंबर पुसायला त्यांच्या शेजारी बसून दीड तास घालवला. म्हाताऱ्यांनी त्यांना चहा पाजला.

दहाव्या-बाराव्या दिवशी ती बाई दुकानात आली. एकटीच. काकांनी स्टूल पुढे केलं, ती बसली नाही.

"तसंच एक कुलूप हवंय," ती म्हणाली. "वरचं होतं तसं."

काकांनी सगळ्यात चांगलं काढलं. पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता, तरी तिने नोटा मोजून ठेवल्या आणि काकांना घ्यायला लावल्या. ते सवयीने पिशवीकडे वळले. "कधी येऊ बसवायला?"

"येऊ नका," बाई म्हणाली. "मला इथेच शिकवा. मी बसवेन."

काकांनी कोपऱ्यातून एक लाकडी फळी काढली, शिकंज्यात घट्ट केली आणि तिच्या हातात ड्रिल दिलं. पेन्सिलीने खूण कुठे करायची, भोक सरळ जातंय हे कसं बघायचं, पट्टी कडेशी कशी जुळवायची, सगळं दाखवलं. शिलाई करणारा हात होता, माप चटकन उमगलं. पहिलं भोक तिरकं गेलं, दुसरं बरोबर बसलं. तिने कुलूप फळीवर लावलं, किल्ली फिरवली, काढलं, पुन्हा लावलं. काका बघत होते. मनात आलं ते बोलावंसं वाटत होतं, माफ करा म्हणावंसं वाटत होतं, पण ते त्यांनी आधीच चार वेळा म्हटलं होतं आणि त्याने तिची खोली परत आली नव्हती.

"जमलं तुम्हाला," ते म्हणाले. स्क्रूंचा डबा पुढे ओढून त्यांनी विचारलं, "दार किती जाडीचं आहे? स्क्रू त्यावर ठरतात."

बाईने तोंड उघडलं आणि मिटलं. ती काकांच्या नजरेला नजर देईना. म्हणाली, "ते नाही सांगत, काका."

काकांनी मान डोलावली. चारही मापांचे स्क्रू, प्रत्येकी आठ, कागदात बांधून त्यांनी तिच्या हातात दिले.